वीतभर पाणी
ओल्या गाळाचा वास आला की मला एटापल्लीकडच्या नदीवरचा पूल आठवतो. त्या पुलामुळे पुरात वरच्या बाजूचं पाणी किती चढेल, याचा अंदाज मी काढला होता. काठावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "साहेब, पाणी आमच्या घरात येईन का जी?" मी म्हणालो, "नाही बाई, फार तर वीतभर चढेल." तिचा मुलगा घर टेकाडावर हलवणार होता, माझ्या शब्दावर तो थांबला. त्याच पावसाळ्यात जंगलातून वाहत आलेली झाडं पुलाच्या खांबांना अडकली. माझ्या आकडेमोडीत झाडं नव्हतीच. भरदुपारी पाणी छपराला लागलं आणि बैल सोडायला गेलेला मुलगा परतला नाही. पूर ओसरल्यावर मी गेलो. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं बाज पुढे केली आणि विचारलं, "तुमचं घर कुठी हाय साहेब? नदीपासून दूर हाय ना?" मी हो म्हणालो. "मंग बरं हाय," ती म्हणाली. पुढे मी कितीतरी पुलांची कामं केली, पण काठावरच्या कुणालाही 'पाणी येणार नाही' असं आजवर पुन्हा सांगू शकलो नाही.