अक्काच्या नऊ खुंट्या

आमच्या घरात भूतखेताला जागा नव्हती. आजोबांनी नांदेडकडच्या गावी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा अंगात येणं, उतारे, अंगारे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. पुढं हैदराबादला आलेल्या आमच्या पिढीनंही ते आत घेतलं नाही. या सदरात येणारे असले अनुभव मी वाचतो, आणि वाचून झाले की कारणं शोधत बसतो – वारा असेल, झोप अर्धवट असेल... माझ्या बाबतीतही शोधली. कुणाला सापडलं तर जरूर सांगा.

मी नारायणगुड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वय चोपन्न. हिमायतनगरच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, मी आणि माझी थोरली बहीण अक्का असे दोघंच राहायचो. ती शाळेत गणित शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळलं. शरीराची संरक्षण यंत्रणाच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर उलटते, तो आजार. आधी एक डोळा अंधुक झाला, मग पाय गेले, मग उजवा हात जड झाला.

दोन वर्षांपूर्वी ती एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये दाखल झाली. तिची नेहमीची इंजेक्शनं दाह कमी करायची. ही गोळी मज्जातंतू मुळात मरू नयेत म्हणून होती. ट्रायलच्या डॉक्टर मॅडमनी अस्सल हैदराबादीत समजावलं, "आग बुझाना अलग अम्मा, घर बचाना अलग." काही रुग्णांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे मॅडमनाही ठाऊक नसणार.

दर रविवारी सकाळी अकराला घरी चाचणी असायची. एक फळी, तिला नऊ भोकं, वाटीत नऊ बारीक खुंट्या. एका हातानं एकेक खुंटी भोकात बसवायची, मग एकेक काढून पुन्हा वाटीत टाकायची. मोबाइलवर वेळ मोजून वहीत लिहिणं माझं काम.

दीड वर्ष उजव्या हाताला तेहतीस-चौतीस सेकंद लागत होते. मग एका रविवारी एक्केचाळीस लागले. आकडा लागोपाठ बिघडला तर ट्रायलच्या गोळ्या बंद होतात, एवढं मी सुरुवातीला ऐकलं होतं. आणि त्या गोळ्यांवरच अक्का तगून आहे अशी माझी खात्री होती. मी तेहतीस लिहिले.

"किती?" अक्कानं विचारलं.

"तेहतीस."

"मला हौली, खुळी समजतोस का, सुध्या? मी मनात मोजत होते, चाळीसच्या वर झाले. खोड ते."

"गोळ्या बंद करतील, अक्का."

"करू देत. तीस वर्षं पोरांना उत्तर बघून गणित सोडवू दिलं नाही मी. वही आण इकडं."

मी वही कपाटावर ठेवली. तिचा हात तिथं पोचणार नव्हता. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दर रविवारी खुंट्या बसवायची, पण आकडा पुन्हा कधी विचारला नाही.

असे सहा रविवार, आणि वहीत दर वेळी माझे खोटे आकडे. सहाव्या रविवारी मी चुलतभावाच्या लग्नाला नांदेडला होतो; दिवसा सोबतीला येणाऱ्या यादम्मानं चाचणी घेतली. सोमवारी परतलो तर अक्काला ताप, छातीत संसर्ग. धावपळीत त्या रविवारच्या रकान्यात मी मनानंच पस्तीस लिहून टाकले. पुढच्या रविवारी ती आयसीयूत होती. बुधवारी गेली.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला – वही आणि उरलेल्या गोळ्या जमा करा. त्या रविवारी सामान काढताना फळी समोर आली. का कोण जाणे, मोबाइल लावून मीच खुंट्या बसवायला लागलो. एक्केचाळीस सेकंद लागले. सवय नाही, असं म्हणून सोडून दिलं.

पुढच्या रविवारी चव्वेचाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी एकोणपन्नास. हे अक्काचे खरे आकडे होते, त्याच क्रमानं. मी ते कुठंही लिहिलेले नव्हते. मी जीव तोडून भरभर करत होतो, पण बोटं ऐकत नव्हती. कॉलेजात तारखेचा शिक्का हातातून पडायला लागला. शर्टाचं वरचं बटण लागेना. एका न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं. एमआरआय स्वच्छ, नसांची तपासणी स्वच्छ. "गम है सर, टाइम दीजिए," ते म्हणाले.

मी मानलं. अपराध मनात आहे, आकडे डोक्यात आहेत, हात त्याप्रमाणे वागतोय... पटण्यासारखं होतं. पण घरात जे होतं ते दुःख नव्हतं. आवाज नव्हता, सावली नव्हती – राग होता. परीक्षेत पाठीमागं येऊन उभ्या राहिलेल्या बाई जशा न बघता कळतात, तसा. मी जेवायला बसलो की तो मागं असायचा. वही उघडली की जवळ यायचा.

चौथ्या रविवारी अठ्ठावन्न. पाचव्या रविवारी एक मिनिट अकरा.

सहाव्या रविवारची मी जवळजवळ वाट पाहत होतो. कारण त्या दिवसाचा खरा आकडा मलाच माहीत नव्हता. डोक्यात नाही तर हातात कुठून येणार? मी बसलो. सातवी खुंटी बोटांतून निसटली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. ती काढून पुरं केलं तेव्हा वेळ होती – एक मिनिट बावन्न.

यादम्मा आता सुलतान बाजारात एका घरी काम करते. रिक्षा करून तसाच गेलो. ती जिन्यात भाजी निवडत बसली होती.

"यादम्मा, मैं शादी को गया था, उस इतवार को अक्का खूंटियाँ लगाए थे क्या?"

"लगाए सार. एक फ्रिज के नीचे चली गई, मैं झाडू से निकाली. अम्मा बोले, घडी देख, याद रख, सार आए तो बोल. एक मिनट बावन."

"फिर बोले कैकू नै मेरेकू?"

"आप पूछेच नै सार."

पुढच्या रविवारी अक्का आयसीयूत होती. तिचा उजवा हात हललाच नव्हता. म्हणजे माझाही हात थांबायला सहा दिवस होते.

सोमवारी, इतके दिवस जमा करायची टाळलेली वही घेऊन मॅडमसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. त्या पानं उलटत गेल्या. चेहरा घट्ट होत गेला.

"किसने बोला आपको, दवा बंद करते?"

"ट्रायलच्या गोळ्या बंद..."

"ट्रायल की गोली बंद करके असली दवा चालू करते थे! हाथ बिगडा तो बुलाके देखते, और असली दवा देते. कागज में लिखा है. पढे नै आप?"

त्यांनी संमतीपत्र माझ्याकडे सरकवलं. अकराव्या पानावर ते साध्या भाषेत होतं. खाली अक्काची थरथरती सही, जशी प्रत्येक पानावर होती. तिनं ते वाचलं होतं का, मला माहीत नाही. मी, पुस्तकांत आयुष्य घातलेला माणूस, तिसऱ्या पानावरच थांबलो होतो.

"अक्का जगली असती?" मी विचारलं.

"मालूम नै," मॅडम म्हणाल्या. "वोइच तो देखना था."

त्यांच्यासमोर मी सहा खरे आकडे लिहिले, प्रत्येकाशेजारी सही केली. पेन दोनदा पडलं. त्यांनी उचलून दिलं नाही. फळीही परत घेतली नाही. म्हणाल्या, आता तिचा उपयोग नाही.

रविवारी अकराला मी फळी समोर घेऊन बसलो. झगडायचं नाही असं ठरवलं होतं. हात दगड झाला तर होऊ दे. तेवढं माझ्या वाट्याचं होतं.

चोवीस सेकंद लागले.

पुन्हा केलं. तेवीस. शर्टाचं बटण लावून पाहिलं, सहज लागलं. डॉक्टर म्हणतील, कबुली दिली, मन मोकळं झालं. मग यादम्माचे एक मिनिट बावन्न माझ्या हातात कुठून आले, ते मला आजही सांगता येत नाही. घरातला राग गेला होता. पाठीमागं कुणी नव्हतं. अक्का वारली हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळपर्यंत मी पुन्हा पुन्हा खुंट्या बसवत राहिलो, एकदा तरी एक्केचाळीस लागावेत म्हणून. आकडा पंचविसाच्या वर गेला नाही.