मटकीच्या गाठोड्यावरचं ब्रायर

कुवेतमधल्या एगैलातल्या आमच्या स्वयंपाकघरात एकदा लाकूड शिजलं. डाळ नव्हे, मटण नव्हे, लाकूड. तेही दिवसभर, मंद आचेवर, आणि मी झारा घेऊन शेजारी उभा.

लाकूड माझ्या ऑफिसातल्या ट्युनिशियन सहकाऱ्याचं. सुट्टीवरून येताना त्याने बॅगेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून, डोक्याएवढी एक ओबडधोबड गाठ आणली होती. ब्रायर. डोंगरातल्या एका झुडपाच्या मुळाशी ही गाठ धरते. ती सहजी जळत नाही, म्हणून तिचे तंबाखूचे पाइप करतात. त्याच्या वडिलांनी जन्मभर तेच केलं. आता त्यांना डोंगर चढवत नाही. ही त्यांनी खणलेली शेवटची गाठ. ते राहतात मुलीकडे, आणि मुलीने बजावलेलं, "माझ्या गॅसवर लाकूड चढणार नाही." मुलगा, म्हणजे माझा सहकारी, इथे कुवेतमध्येच महबूलातल्या एका खोलीत, एका शेगडीवर चौघे.

"हबीबी," तो म्हणाला, "हिवाळ्यात घरी जाईन तेव्हा एक तरी तुकडा न तडकलेला त्यांच्या हातात द्यायचाय. पुढचं ते बघतील. तुझ्याकडे मोठं पातेलं आहे?"

मी विडीलाही कधी हात लावलेला नाही. पण कुणी "बघायला येतोस?" म्हटलं की मी आधी चपला घालतो आणि मग काय बघायचंय ते विचारतो.

गाठ कापून चार तुकडे झाले. ते हिच्या पन्नास माणसांच्या भाजीच्या पातेल्यात पडले. पाणी आधी पिवळं, मग विटकरी, मग काढ्यासारखं काळपट. लाकडातला कडू रस असा उतरवावा लागतो, नाहीतर धूर कडू येतो. आपण कारल्याला मीठ चोळून पिळतो, तसंच. पाणी बदललं, पुन्हा उकळलं. हिने दारातून विचारलं, "अहो, फोडणी आत्ता देऊ की नंतर?"

"आता उन्हात वाळवायचे ना?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाळंतिणीला वाळूत झोपवायला निघालो होतो. वरून भराभर वाळलं आणि आत ओल राहिली, की लाकूड तडकतं. ऊन नको, एसी नको. गोणपाटात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवायचं, अधूनमधून कूस बदलायची आणि महिनोन् महिने वाट बघायची. मी रोज कपाट उघडून वास घेई. ही म्हणायची, "माझी चौकशी केलीत कधी इतकी?"

ऐन जूनमध्ये साताऱ्याहून सासूबाई आल्या. एका दुपारी ऑफिसातून येतो तर बाल्कनीत लोणच्याची बरणी, उशा आणि त्यांच्या मध्ये माझे तुकडे!

"जावईबापू, तुमच्या लाकडांना बुरशी धरली होती. जरा ऊन दाखवलं."

आपल्याकडे कशाला ऊन दाखवत नाहीत? डाळींना, गोधड्यांना, बाळाला. पण कुवेतचं ऊन दाखवायचं नसतं, त्याच्यापासून लपवायचं असतं. तुकड्यांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत नाणं उभं राहावं. मी मोजले. तीनच.

"चौथा कुठाय?" माझा आवाज चिरकला.

"त्याला काम लावलंय," म्हणत त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिजवलेल्या मटकीचं ओलं गाठोडं होतं आणि त्यावर वजन म्हणून चौथा तुकडा. "चांगला जड आहे. मोड बघा कसे आलेत!"

सहकारी धावत आला. तुकड्यावर बोटाने टकटक करून त्याने तो कानाशी धरला, मग नाकाशी.

"हा वास कसला?"

"मटकीचा."

एकही तडा नव्हता, मटकीच्या ओलीने तुकडा सावकाश वाळत होता; त्याने तो परत गाठोड्यावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "तुझ्या सासूबाई किती दिवस आहेत? त्यांना म्हणावं, उसळ करत राहा."

सासूबाई गेल्या, उसळ राहिली. मटकी नसेल तेव्हा तुकडा गोणपाटात, असेल तेव्हा गाठोड्यावर. आमची मुलं इंग्रजीत तक्रार करून थकली.

हिवाळ्यात तुकडा ट्युनिशियाला गेला. व्हिडिओ कॉलवर म्हातारबुवांनी तो दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला, अंगठ्याने चाचपला आणि अरबीत काहीतरी बोलले. मुलगा हसत म्हणाला, "तडा नाही म्हणतात. अजून वर्षभर त्यांच्या कपाटात वाळेल, मग कोरतील. विचारताहेत, इतका धीर कुणाचा?"

मी लगेच साताऱ्याला फोन लावून सगळं रंगवून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते सगळं खरं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण मग आता मटकीवर काय ठेवता?"