टोपी काढायचे आठ सेकंद

थिएटरच्या वरच्या केबिनमध्ये मशीनची धग इतकी, की ऑपरेटर बनियनवर बसतात. आमचे हे गृहस्थ बसायचे टाय लावून! म्हणून गेटकीपरनं नाव ठेवलं लॉर्डसाहेब. ते असं चिकटलं, की बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची.

सगळं खूळ एका काळ्यापांढऱ्या विलायती चित्रपटाचं. त्यातला नायक खानदानी, हातात काठी, खिशात घडीचा रुमाल, आणि छंद काय, तर चोर पकडणं! शेवटी चोर जिन्याखाली सापडतो, तेव्हा हा बाबा आधी हातमोजे काढतो, मग टोपी, अदबीनं वाकतो आणि मगच त्याची कॉलर धरतो. लॉर्डसाहेब म्हणायचे, “चोराचाही मान ठेवतो, याला म्हणतात माणूस!” टोपी काढून वाकण्याचे ते आठ सेकंद त्यांनी बायकोला जेवता जेवता शंभरदा करून दाखवले होते.

“तुमची नक्कल पुरे. एकदा खरा दाखवा,” ती म्हणायची.

“दाखवू की!”

पण आधी सासूचं आजारपण, मग मुलींच्या शाळा, मग त्यांची बाळंतपणं. चाळीस वर्षं कशी गेली, देव जाणे. मध्येच चित्रपट पुरवणारी कंपनी बुडाली आणि त्या विलायती चित्रपटाचे डबे केबिनमध्येच राहिले.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, बायकोची नजर वर्षभरात जाणार, इलाज नाही. त्याच महिन्यात मालकानं थिएटर बंद करायचं ठरवलं. लॉर्डसाहेबांनी हात जोडून तिला तो चित्रपट दाखवायला एक दुपार मागून घेतली.

आदल्या दिवशी त्यांनी शेवटचं रीळ तपासायला काढलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

फिल्म तुटली की दोन चौकटी कापून सांधायची, ही केबिनची रीतच. पण लॉर्डसाहेब न तुटताही कापायचे. खेळ झाला की टोपीच्या प्रसंगातल्या एकदोन चौकटी, आठवण म्हणून. एक गेटकीपरला, एक दुसऱ्या थिएटरच्या दोस्ताला, बाकीच्या स्वतःच्या डबीत. चोवीस चौकटींचा एक सेकंद, त्यातल्या दोन गेल्या तर कोणाला कळतंय? त्यांनाही कधी कळलं नाही, कारण त्यांचे डोळे सवयीनं तो प्रसंग पुरा करून घ्यायचे. आता मोजल्या, तर उरल्या होत्या अकरा. अर्धा सेकंदसुद्धा नाही!

डबीतले तुकडे आक्रसून वाकडे झालेले. दुपारभर सांधून पाहिले, पण मशीन दरवेळी ते फाडून टाकी. स्वतःच्याच हातानं घात केला होता, सांगणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून पाचव्या रांगेत बसल्या. शेजारी गेटकीपर. वरच्या झरोक्यातून लॉर्डसाहेब पाहत होते. जिना आला. हातमोजे निघाले. हात टोपीकडे गेला आणि टक्! चोराची कॉलर नायकाच्या मुठीत.

दिवे लागले. ते धावत खाली आले.

“अहो, काठी दिसली, रुमाल दिसला, हातमोजेसुद्धा दिसले,” बाई खुर्ची चाचपत उठल्या. “टोपी काढली का हो त्यानं?”

लॉर्डसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, “काढली.”

“मग गेलेच म्हणायचे माझे डोळे. ऐन वेळी दगा दिला मेल्यांनी.”

“अगं, ते मीच...” म्हणत लॉर्डसाहेबांनी गेटकीपरकडे पाहिलं. गेटकीपरनं मान खाली घातली. त्याच्या घरी आरशाच्या कडेला ती चौकट अजून लावलेली होती. लॉर्डसाहेबांना रडू आवरेना.

“आता तुम्ही का रडताय? तुम्ही दाखवायचं ते दाखवलंत,” बाईंनी त्यांचा हात शोधून धरला. “चला घरी. तुम्हीच करून दाखवा. फक्त जरा जवळ उभे राहा हं, म्हणजे दिसेल मला.”