खाप्याच्या रस्त्यासाठी घेतलेले टायर

माझ्या भाच्याने नातेवाइकांत असे पसरवले आहे की, मामाने म्हातारपणी शौकापायी गाडीचे टायर बदलले आणि त्याच शौकात त्याच्या आईला गाडीत अडकवून ठेवले. यातले पहिले विधान खोटे आहे. दुसरे अर्धवट आहे, आणि अर्धवट विधान मला खोट्याहून अधिक सलते.

गाडी दोन आसनांची, ठेंगणी, स्पोर्ट्स म्हणतात तशी. पत्नी गेल्यावर मी ती घेतली. लोक हसले, हसू देत. तिचे मूळचे टायर इतके पातळ होते की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात उतरे. मला एकट्याला ते चालले असते. पण खाप्याला माझी थोरली बहीण राहते. मला ‘तू’ म्हणणारे तेवढेच एक माणूस उरले आहे. तिने आठवडाभर तरी माझ्याकडे शहरात, प्रताप नगरला राहावे, एवढीच माझी इच्छा होती. आणि पाठीच्या दुखण्यामुळे तिने साफ नकार दिला होता. “तुया गाडीत बसण्यापरीस मी बैलबंडीत बसून यीन गा,” म्हणाली.

धरमपेठेतल्या टायरवाल्याने मला आधी शोभा शिकवली. “काका, या गाडीवर पतला टायरच जचते. जाडा टाकला तर पूरा शो जाईल.”

मी त्याला सांगितले की, यंत्रशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली आहे, आणि गाडीची शोभा आत बसणाऱ्याला दिसत नसते. एका मापाने लहान रिम आणि तिच्यावर उंच बाजूचा टायर घेतला. चाकाचा एकूण घेर तोच राहिला, म्हणजे वेगाचा काटाही खोटे बोलणार नाही. रिम ब्रेकला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहिले. खोल नक्षीचा दणकट टायर त्याने पुढे केला, तो मी नाकारला. तसला टायर दगडांवर टिकतो, परंतु कडक असतो आणि घोंघावतो. माझी निवड अचूक होती. नव्या टायरांच्या भरवशावर बहीण यायला तयार झाली आणि खाप्याबाहेरच्या उखडलेल्या रस्त्यावर चक्क पेंगली. याला साक्षीदार मी एकटाच आहे, आणि तेवढा पुरेसा आहे.

माझ्या घरासमोर गाडी थांबली आणि तिला उठता येईना. खाप्याला भाच्याने आणि तिच्या सुनेने दोन्हीकडून धरून तिला आत बसवले होते. इथे मी होतो. मी हात दिला, तर माझ्याच गुडघ्याने माघार घेतली. पुन्हा जोर लावून पाहिला. मग वळसा घालून मी माझ्या जागेवर येऊन बसलो.

“शेजारच्याले बोलाव ना गा.”

“त्याच्याशी बोलणं नाही माझं, बाई.”

“काहून?”

“कुंपणाच्या भिंतीवरून.”

“मंग समोरच्याले बोलाव.”

“त्याच्याशीही नाही.”

“मंग हाये कोनाशी तुयं बोलनं? त्या टायरवाल्याशी?”

ती हसली. मीही हसलो. मग ती माझ्या घराच्या बंद दाराकडे बराच वेळ पाहत राहिली.

मी हॉर्न वाजवून बोलावले, असे शेजारी सांगतो. मी हॉर्न वाजवला नाही. मी उतरून त्याच्या फाटकाशी गेलो आणि त्याच्या पत्नीला म्हणालो, “ताई, जरा याल का?” हॉर्न वाजवण्यापेक्षा ते फार अवघड होते, म्हणून ही दुरुस्ती मी सोडणार नाही. दोघे आले. त्यांनी आधी तिचे पाय बाहेर घेतले आणि मग काखेत हात घालून तिला उभे केले.

आठवड्यासाठी आलेली बहीण दुसऱ्याच सकाळी भाच्याने आणलेल्या उंच गाडीतून परत गेली. निघताना म्हणाली, “टायर चांगले हायेत गा. पाठ नाही दुखली. पण मी न्हाणीत पडली त मले कोन उचलन?”

मी तिची पिशवी भाच्याच्या गाडीत ठेवली.

भाचा म्हणतो, ही गाडी विका, उंच घ्या. जणू प्रश्न उंचीचा होता. मी विकणार नाही. आता मीच खाप्याला जातो, तिच्या हातचा चहा घेतो आणि उजेड असेतो परततो. टायरमध्ये हवा मात्र शेजारच्या आसनावर माणूस आहे असे धरूनच, थोडी जास्त भरतो. एकट्या माणसाला ती किंचित कडक लागते.