उतारावरचा लोडर आणि रमणकाका

बडोदेकर मंडळी, सकाळी अकराला घडलेलं आता लिहितेय.

मी बंगल्यांच्या बागा करून देते. माती वाहायला छोटा लोडर घ्यायचा होता. विक्रेत्याने सयाजीगंजमधल्या माझ्या कामावरच दोन मशीन दाखवायला आणली. त्यातल्या मोठ्यात एका फेरीत दुप्पट माती जाते, म्हणून मी मनात तेच पक्कं केलं होतं. "हे मीच चालवून बघते," म्हणाले.

सपाटीवर मस्त चाललं. मग पुढचं बकेट, म्हणजे मातीचं मोठं खोरं, भरून घेऊन लॉनच्या उतारावरून खाली निघाले. बकेटच्या आडून पुढचं नीट दिसेना, म्हणून ते वर उचललं. त्याच क्षणी सगळा भार पुढे गेला आणि मागची चाकं जमिनीवरून सुटली. मशीन पुढे कललं आणि समोर रमणकाका दिसले. बारा वर्षं माझ्यासोबत काम करणारे माळी, गुलाबाला आळं करत पाठमोरे बसलेले. त्यांना कमी ऐकू येतं.

"बेन, बकेट नीचे! धीमे धीमे!" मशीनसोबत आलेला ऑपरेटर ओरडला.

कसंबसं बकेट खाली घेतलं. चाकं धप्पकन टेकली. काका जेमतेम चार हातांवर होते. जमीन हादरली तसे ते वळले. "शुं थयुं, बेन?" काय झालं, ते विचारू लागले.

मी सीटवरच नुसती रडत बसले.

आता लहान मशीनच घेणार आहे, तेही आधी नीट शिकून. पण दुपारी विक्रेत्याने त्या लहान मशीनची चावी पुढे केली, तर माझ्याच्याने ती हातात घेववेना. तुमच्यापैकी कोणी अशा प्रसंगानंतर पुन्हा सीटवर बसलंय का? भीती कशी गेली?