मुके बैल आणि पाचवा आरोपी

माझा भाऊ खुनी नव्हता. कोर्टानं काहीही लिहावं, मी मरेपर्यंत हेच सांगणार.

दुष्काळाचं साल. घरात दाणा नाही, त्यात वडील गेले. आमच्या भावकीत घरधनी गेला की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा उतरवतात. सुतक फिटेपर्यंत बैल मुके. वडिलांनी अणदूरच्या जत्रेत हौसेनं घेतलेल्या त्या माळा आमच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, स्वतःच्या हातानं सोडल्या.

सुतकातच गावातले चौघे आले. सोसायटीची ज्वारी शेजारच्या गावी पोचवायची आहे, भाड्यापोटी ज्वारीच देऊ, म्हणाले. भाऊ गाडी जुंपून गेला. तो गोदामाबाहेर बैल धरून उभा होता, तेव्हा आत ज्वारी लुटताना एकानं राखणदाराच्या डोक्यात पहार घातली. बिचारा जागीच गेला.

आमच्या वकिलांनी मला कायदा समजावला. पाच जण मिळून लुटायला गेले की तो दरोडा, आणि दरोड्यात एकानं जीव घेतला तरी पाचही जण खुनाचे धनी. चौघेच असले तर दरोडा होत नाही. म्हणजे आकडा भरायला माझा भाऊ हवा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, याला सरकारी वकिलांचा पुरावा एकच: आवाज होऊ नये म्हणून यानं माळा काढल्या. सुतकाला चोरी म्हणणारं हे कसलं शहाणपण!

मी तात्यांचे पाय धरले. "माळा तुमी सोडल्या, एवढंच कोर्टात सांगा."

"पोरी, त्या चौघांची माणसं गावातच हायेत. मला हितंच ऱ्हायचंय."

उस्मानाबादच्या कोर्टात मी एकटीच साक्षीला उभी राहिले. बहीण भावाची बाजू घेणारच, असं म्हणून कोर्टानं माझं बोलणं वाऱ्यावर सोडलं. भावाला जन्मठेप झाली.

गाडी पोलिसांकडं होती, बैल घरी होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी माळा चिंचेनं घासून लख्ख केल्या, बैलांच्या गळ्यात बांधल्या आणि पाण्याला निघाले, मुद्दाम भावकीच्या आळीतून. तात्या ओट्यावरून ओरडले, "घरावर एवढं संकट, आन् माळा वाजवतीस व्हय?"

"सुतक कवाच फिटलंय, तात्या. सोडायला तुमी व्हता. बांधायला कुणी आलं न्हाय, म्हणून म्या बांधल्या."

तात्या खाली बघत आत गेले. त्यानंतर माझे बैल रोज त्याच आळीतून पाण्याला गेले.