सारखे लिहिलेले स्वर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या पोटाच्या तक्रारीसुद्धा तारीखवार पाठ आहेत.

शाल-श्रीफळवाल्यांची मी आयुष्यभर थट्टा केली. भिवंडीत त्यासाठी विषयांची टंचाई नाही. लोक मला फटकळ म्हणतात — आणि मला ते आवडतं. दोष तिथूनच सुरू झाला असेल का? की हीसुद्धा पळवाटच?

माझी धाकटी बहीण माला व्हायोलिन वाजवायची. भिवंडीतलंच टेमघरचं आमचं घर, मागे कापडाच्या लूमचा खडखडाट, आणि ही युरोपातल्या जुन्या वाद्यरचना, सोनाटा, घेऊन बसलेली. त्यांत इटलीची धाव आणि फ्रान्सचं नाचरं वळण एकत्र नांदतात. फ्रेंच रीत अशी, की कागदावर सारखे लिहिलेले स्वर सारखे वाजवायचे नाहीत — एक किंचित लांबवायचा, पुढचा आखडायचा. हे तिला कुणी सांगितलं? मीच. पुस्तकातून वाचून दाखवलं. ते डुलणं बोटांत उतरवायला तिने सगळा उन्हाळा घालवला.

मग एका संगीत मंडळाच्या कार्यक्रमासाठी निवड होती. माला वाजवू लागली — छान वाजवत होती, हेही मी तेव्हा बोललो नाही. अध्यक्षांनी हात वर केला.

"ताई, लय डगमगतेय तुमची."

ती हसली. तिला वाटलं, आता गंमत येणार. "दादा, सांग ना यांना."

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. एक वाक्य पुरलं असतं. पण या लोकांपुढे फ्रान्सची रीत समजावत उभं राहायचं — मी? मी इतरांची करतो तशी माझी थट्टा झाली असती. म्हणालो, "काय सांगू? आमच्या मागचा लूम बरा, तो तरी एका ठेक्यात चालतो."

सभागृह हसलं. मालाही हसली, जरा उशिरा.

पण खरी गोष्ट ही नाही. ती घरी परततानाच्या रिक्षातली आहे. व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन तिने हळूच विचारलं, "पुस्तकात तसं नव्हतंच का रे? मीच चुकीचं ऐकलं असेल ना?"

मी म्हणालो, "असेल."

पेटी तिच्या कपाटावर आहे, तिच्यावर पाहुण्यांच्या गाद्या. अजूनही गाण्याबजावण्याचा विषय निघाला की ती म्हणते, "मला त्यातलं कळत नाही, दादाला विचारा."

लोक विचारतात. आणि मी सांगतो.